ऑटोमॅटिक वॉशचे चरे: किती घासायचं आणि कुठं थांबायचं

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी ऑटोमॅटिक वॉशला नेली. त्या संध्याकाळी अख्ख्या कोल्हापूरला गाडी धुवायची असते, हे माहीत असून नेली. वर आम्ही त्याच दुपारी गगनबावड्याहून परतलो होतो. गडद निळ्या बलेनोच्या दारांवर, चाकांच्या कमानीत, डिकीच्या हँडलखाली लाल चिखल वाळून पापडी धरलेली. पुढं अकरा गाड्या. धुणाऱ्या पोराच्या हातात प्रेशरचा पाईप होता, पण रांग बघून त्यानं गाडीवरनं पाणी नुसतं ओवाळलं आणि गाडी ब्रशात घातली. आठ मिनिटांत बाहेर. रस्त्यावरच्या दिव्याखाली झकास दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडूचा हार बांधायला बॉनेटवर वाकले. कोवळं ऊन तिरपं पडलं होतं आणि बॉनेटभर कोळ्याचं जाळं. छतावर पुढून मागं लांबच लांब रेघोट्या. डावीकडच्या मागच्या दारावर तर एक पांढरट चरा, बोटभर लांब, नखाला लागणारा.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेटलर्जीची लॅब सांभाळते. कास्टिंगचा तुकडा कापायचा, बेकेलाइटच्या गोळीत बसवायचा, पॉलिश पेपरवर घासत घासत आरशासारखा करायचा आणि आतलं ग्राफाइट गोल आलंय की पाकळ्यांसारखं, ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. म्हणजे चरे काढायचा पगार घेते. तरीही आमच्या मातोश्रींचा पहिला सल्ला होता, "खोबरेल तेल लाव जरा, जाईल." तेल लावल्यावर चरे दिसेनासे होतात हे खरं आहे. पुढच्या धुण्याला परत येतात हेही खरं आहे.

लॅबमध्ये नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना सांगते की चरा हा खड्डा असतो. तो पुसला जात नाही. आजूबाजूची सगळी जमीन खड्ड्याच्या तळाएवढी खाली आणली, की आपण म्हणतो चरा गेला. लॅबमधला तुकडा चांगला पंधरा मिलिमीटर जाड असतो, घासा कितीही. गाडीच्या रंगात एवढी सोय नाही. कंपनीतून निघालेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे सगळा रंग मिळून दोन केसांएवढा. तळाला गंज अडवणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग जेमतेम १५-२० मायक्रॉन आणि सगळ्यात वर बिनरंगाचा क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉन. गॅरेजवाले याला नुसतं 'क्लिअर' म्हणतात. चमक याची आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणंही याचंच काम. वॉशमधले बहुतेक चरे या क्लिअरच्या वरच्या दोन-चार मायक्रॉनमध्ये असतात. ते काढताना तेवढं क्लिअर कायमचं जातं. पुढच्या दहा वर्षांत जे काही घासायचं ते याच शिल्लकीतून, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

चरे कुणी पाडले

सगळा दोष ब्रशच्या माथी मारायची घाई नको. ब्रशाचे प्लॅस्टिकचे केस किंवा फोमच्या पट्ट्या तशा मऊच असतात. कठीण असते ती वाळू. वाळूतला क्वार्ट्झचा कण कठीणपणाच्या मोहज मापावर ७ येतो, साध्या काचेलाही ओरखडा काढतो. क्लिअर त्याच्यापुढं लोण्यासारखं. आमच्या फौंड्रीत मोल्ड याच सिलिका वाळूचे बनतात, त्यामुळे ती काय करू शकते ते मी रोज बघते. माझ्या गाडीवर घाटाची माती होती आणि ब्रशात माझ्या आधीच्या अकरा गाड्यांची. मऊ ब्रशाला वाळू चिकटली की त्याचा पॉलिश पेपर होतो.

ब्रशचे चरे ओळखता येतात. ते लांब, साधारण एका दिशेचे, शेजारी शेजारी असतात: छतावर आणि बॉनेटवर पुढून मागं, दारांवर आडवे. आखूड, कमानीसारखे, हात फिरल्याच्या वळणाचे चरे दिसले तर ते फडक्याचे. वॉशमधून गाडी बाहेर आल्यावर जो फडका फिरतो तो दिवसभर सगळ्या गाड्यांवर फिरलेला असतो आणि मधे दोनदा खाली पडलेला असतो. माझ्या बॉनेटवर दोन्ही प्रकार होते, आणि खरं सांगायचं तर थोडे आमच्याच पार्किंगमधल्या जुन्या टॉवेलचेही असणार.

कोळ्याचं जाळं दिसतं त्याचीही गंमत आहे. चरे गोल नसतात, ते सगळ्या दिशांना असतात. पण दिव्याचा प्रकाश ज्या चऱ्यांना आडवा पडतो तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. दिवा हलवा, जाळंही सरकतं. म्हणून तपासणी ढगाळ हवेत किंवा ट्यूबलाइटखाली करू नका. सकाळचं ऊन किंवा मोबाईलची टॉर्च, तिरपी धरून.

हात लावायच्या आधी

मी लगेच परत गेले. पोरगा म्हणाला, "मॅडम, हे आधीचंच असंल की." माझ्याकडं आधीचा एकही फोटो नव्हता, मग काय बोलणार? मालकानं एक वॉश फुकट देऊ केला. मी हसले, तोही हसला. पुढं आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून गाडी आत जायच्या आधी चारी बाजूंचे फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असे. बाहेर आल्यावर गेटच्या आतच टॉर्च मारून बघा. काही दिसलं तर तिथंच मॅनेजरला दाखवा, बिलावर वेळ लिहून घ्या आणि तक्रार त्याच दिवशी लेखी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. आरसा मोडला, वायपर उपटला, रंग पत्र्यापर्यंत गेला, असं मोठं नुकसान असेल तर 'नुकसानीस आम्ही जबाबदार नाही' अशी पाटी भिंतीवर आहे एवढ्यावर विषय संपत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. त्यानं भागलं नाही तर जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. बारीक जाळ्यासाठी मात्र मी यात पडणार नाही. तेवढ्या हेलपाट्यांत दोन गाड्या पॉलिश होतील.

इन्शुरन्सचंही तसंच. क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. पाच वर्षं क्लेम न करता जमवलेली प्रीमियमवरची ५० टक्के सवलत एका बॉनेटपायी घालवायची, वर क्लेममधली सक्तीची कपात आपल्याच खिशातून. हिशेब करून बघा, बहुतेक वेळा बसत नाही.

खोली मोजा

गाडी आधी स्वतः धुवा, कारण निम्म्या रेघा चिखलाच्याच निघतात. सावलीत, पत्रा गार असताना. आधी नुसतं पाणी, भरपूर, चाकांच्या कमानीत खालून वर. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा पंजा शाम्पूत बुडवायचा, छतापासून खाली यायचं, प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा. दाराच्या खालच्या वीतभर पट्टीला शेवटी हात लावायचा, सगळी खडी तिथं असते. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण नको. बोअरचं पाणी असेल तर गाडीवर वाळू देऊ नका, क्षाराचे डाग पडतात आणि ते काढणं चऱ्याहून चिवट काम.

गाडी कोरडी झाली की चऱ्यावर पाण्याचा थेंब सोडा. ओला असताना चरा दिसेनासा झाला तर तो क्लिअरमध्येच आहे, पॉलिशनं जाईल किंवा मंद होईल. मग नख आडवं फिरवा, हलक्या हातानं. नख अडकलं तर पॉलिशचा नाद सोडा. चऱ्याच्या तळाशी करडं दिसलं तर प्रायमर उघडा पडलाय, चकचकीत किंवा तांबूस दिसलं तर पत्रा.

माझ्याकडं आणखी एक चैन होती. आमच्या पेंट शॉपमध्ये रंगाची जाडी मोजायचा डीएफटी मीटर असतो. एका शनिवारी साहेबांना विचारून घरी आणला. छतावर ११४ मायक्रॉन, बॉनेटवर १२१, ड्रायव्हरच्या दारावर ११८. आणि डाव्या मागच्या दारावर २३८! गाडी आम्ही सेकंडहँड घेतलेली, विकणाऱ्यानं "एक टिपका रंग मारलेला नाही" म्हणून शपथ घेतली होती. तर ते असो. दुप्पट आकडा दिसला म्हणून तिथं दुप्पट घासता येतं असं मात्र समजू नका. खाली पुट्टी किती, रंग किती आणि क्लिअर किती, ते मीटर सांगत नाही. तो एकूण जाडी सांगतो. गॅरेजमध्ये मारलेलं क्लिअर कंपनीच्या क्लिअरपेक्षा मऊही असू शकतं. अशा दारावर हात आणखी हलका. हा मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालतो, बंपर प्लॅस्टिकचा, तिथं मुका. चांगलं डिटेलिंग करणाऱ्याकडं तो असतो. गाडी हातात घेतल्यावर जो मीटर काढतो त्याच्याकडं काम द्या. जो थेट मशीनला हात घालतो त्याला चहा पाजून निघा.

लोखंडाची धूळ

पॉलिशच्या आधीची ही पायरी लोक टाळतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या कारखान्यांच्या पट्ट्यात गाडी उभी करणाऱ्यांनी तरी टाळू नये. आमच्या फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंगच्या कडा साफ करायच्या, शेडमध्ये दिवसभर ग्राइंडर चालतात. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो उडून क्लिअरवर बसतो, रुततो आणि तिथंच गंजतो. हात फिरवला की खरखर लागते. हात प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून फिरवला तर आणखी स्पष्ट कळतं. रेल्वेरुळाशेजारी राहणाऱ्यांनाही हाच त्रास.

हे कण असताना पॅड फिरवलं तर कण सुटतात, पॅडखाली येतात आणि चरे काढायच्या नादात आपणच नवे पाडतो. म्हणून आधी आयर्न रिमूव्हर. ओल्या गाडीवर फवारायचा, तीन-चार मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचा नाही, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. लोखंड भेटलं की तो रंग बदलतो. माझ्या बॉनेटवरनं जांभूळ पिळल्यासारखे ओघळ उतरले. आमचा मुलगा धावत वर गेला, "आईनं गाडी रक्तबंबाळ केली" म्हणून सांगायला. वास मात्र सडक्या अंड्यांचा असतो, सोसायटीतल्यांना आधीच कल्पना द्या. हातात ग्लोव्हज घाला.

त्यानंतर क्ले बार, म्हणजे उरलेले रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी. कणकेच्या गोळीसारखा मळायचा, चपटा करायचा, शाम्पूचं पाणी किंवा त्याचा स्प्रे भरपूर मारून नुसत्या बोटांच्या वजनानं सरळ रेषेत सरकवायचा. खरखर थांबली की पुढचा भाग. मळ दिसला की घडी घालून नवी बाजू. खाली पडला तर फेकून द्यायचा, धुवून परत वापरायचा नाही. चाळीस रुपये वाचवायच्या नादात मी एकदा ते केलंय.

घासणं

लॅबमध्ये मी जाड पेपरपासून बारीककडं जाते: २२०, ४००, ६००, ८००, १०००, मग मखमलीवर अ‍ॅल्युमिनाची बारीक पूड. गाडीवर बरोबर उलटं चालायचं. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश यांनी सुरुवात, आणि तेही बॉनेटच्या कोपऱ्यातल्या दीड फुटाच्या चौकोनात. त्यानं भागलं तर त्याच जोडीनं सगळी गाडी. नाही भागलं, तर एक पायरी वर. गॅरेजमध्ये मागितलं तर सगळ्यात आधी जाड रबिंग कंपाऊंड हातात देतात, कारण त्यानं दहा मिनिटांत फरक दिसतो. दिसणारच, तेवढं क्लिअर उडालेलं असतं.

मशीन कोणतं, हा खरा प्रश्न. तुमचा कुणी ना कुणी पाहुणा उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये असणार, आणि तो प्रेमानं म्हणणार, "माझा चार इंची ग्राइंडर ने की, बफ लाव, काम फत्ते." नेऊ नका. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतो. कडेला टेकला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत क्लिअर जळून खालचा रंग दिसतो. हुपरीला चांदीचे दागिने बफवर चमकवतात तेव्हा कारागीर किती जपून टेकवतो ते कधी जवळून बघा. तिथं निदान सगळा दागिना चांदीचाच असतो. आपल्याला हवा तो ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर, ज्याचं पॅड गोल फिरता फिरता इकडं तिकडं डुलतं. जास्त दाबलं तर ते फिरायचंच थांबतं, आणि नवशिक्याला तेच वाचवतं. मला असा साडेसहा हजाराला पडला, पाच इंची पॅडचा. एकाच गाडीसाठी घेणं परवडत नाही, म्हणून आता तो आमच्या बिल्डिंगचा झालाय.

गाडी सावलीत. पालथा हात पत्र्यावर ठेवून बघा, कोमट लागला तरी थांबा. काळे प्लॅस्टिकचे भाग, रबर आणि बॉनेटवरच्या उठलेल्या धारा यांवर पेंटरची कागदी चिकटपट्टी लावा. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि घासताना सगळा जोरही तिथंच येतो. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके. मशीन बंद असतानाच पॅड दोन फुटांच्या चौकोनात टेकवून पॉलिश पसरा, नाहीतर चालू केल्यावर ते आधी चष्म्यावर येतं. मग कमी वेगावर एक फेरी, आणि त्यानंतर चार-पाच नंबरच्या वेगावर खरं काम. हात सावकाश, सेकंदाला साधारण इंचभर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. दाब मशीनच्या वजनाचा आणि वर थोडासा. पॅड पत्र्याला सपाट.

आता लॅबमधली एक सवय. दर पेपरला आम्ही तुकडा काटकोनात वळवतो, म्हणजे जुने चरे नव्यांना आडवे येतात आणि ते कधी संपले ते नेमकं दिसतं. गाडीवरही तेच करा: एक फेरी आडवी, पुढची उभी. अशा चार-सहा फेऱ्या झाल्या की थांबा, स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा, टॉर्च मारा.

आणि लगेच खूश होऊ नका. पॉलिशमध्ये तेल असतं, ते खड्ड्यात बसतं आणि चरे गेल्यासारखे दिसतात, मातोश्रींच्या खोबरेल तेलासारखेच. निम्मं पाणी, निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल असं मिश्रण फवारून पुसा आणि मग बघा. खरा निकाल हा. बाहेर पॉलिश करून घेतलंत तर हीच बाटली सोबत न्या. दोन पावसांत उतरणारी चमक इथंच पकडली जाते.

माझ्या चौकोनात पहिल्या प्रयत्नात फडक्याचे चरे बहुतेक गेले, ब्रशचे निम्मे राहिले. मग मधल्या पॅडवर जरा तीक्ष्ण पॉलिश घेतलं, तीन फेऱ्या, आणि त्याचा धूसरपणा काढायला परत मऊ जोडी. बॉनेटला अडीच तास लागले. छत आणि दारं पुढच्या रविवारी. दर दोन चौकोनांनंतर पॅड ब्रशनं साफ करायचं, दर पाच-सहा चौकोनांनंतर बदलायचं. बंपरला पाळी आली तेव्हा वेग एक नंबर खाली आणला. प्लॅस्टिक उष्णता वाहून नेत नाही, तिथं रंग पटकन तापतो.

नंतर मीटर लावला. बॉनेट १२१ चं ११९. पण मीटरची स्वतःचीच चूक दोन-तीन मायक्रॉनची असते, तेव्हा हा आकडा मी समाधानासाठी धरते, पुराव्यासाठी नाही.

छतावर सहा-सात रेघा अजून आहेत. त्या जायला आणखी चार-पाच मायक्रॉन द्यावे लागले असते. छत बघतं कोण? लॅबमध्ये एक चरा राहिला तर मी तुकडा परत पाठवते, इथं तसाच सोडला.

मशीन नसेल आणि चरे वीतभर जागेत असतील तर हातानंही जमतं: फोमचा अ‍ॅप्लिकेटर, बारीक पॉलिश, सरळ रेषेत मागं-पुढं, दहा मिनिटं. गोल गोल फिरवू नका. टूथपेस्टचा उपाय सगळीकडं सांगतात. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असतेच, पण ती किती जाड आणि किती कठीण हे डब्यावर लिहिलेलं नसतं. मी तरी अनोळखी पेपरवर तुकडा घासत नाही. मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीच करू नका, चमकलेला डाग कायमचा राहील. पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावलेली असेल तर आधी कोमट पाणी सोडून बघा, चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उबेनं आपोआप भरतात.

नखाला लागणारा एक

मागच्या दारावरच्या चऱ्याला मशीन लावलं नाही. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, बहुतेक गाड्यांत दाराच्या खांबाला किंवा बॉनेटखाली. त्या कोडची टच-अपची बाटली मागवली. बाटलीसोबत येणारा ब्रश नेलपॉलिशच्या ब्रशाएवढा जाड असतो, त्यानं चरा बुजतो आणि शेजारी टेकडी होते. मी टूथपिकचं टोक वापरलं. चरा आधी अल्कोहोलनं पुसला, तळात प्रायमरच होता, पत्रा उघडा नव्हता. पत्रा दिसला असता तर आधी गंज खरवडून प्रायमरचा ठिपका दिला असता. पावसाळ्यात आपल्याकडं उघडा पत्रा आठवड्यात तांबडा होतो. रंग खड्ड्यात नुसता सोडायचा, ओढायचा नाही. पातळ थर, वाळू द्यायचा, परत. तीन थर रंगाचे, दोन क्लिअरचे, शेवटचा जरा उंच ठेवून. मग दोन दिवस हात लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी २००० चा वॉटर पेपर नखाएवढ्या रबरी तुकड्याला गुंडाळला आणि साबणाच्या पाण्यात फक्त उंचवट्यावरनं फिरवला. २००० च्या पेपरचा कण दहा मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे चार-सहा हलके हात, पुसून बघायचं, परत दोन. हे काम जमेल अशी खात्री नसेल तर उंचवटा तसाच ठेवा. थोडा उंच टिपका दिसतो, पण गंज चढत नाही, आणि टच-अपचा मुख्य उद्देश तोच. माझा तीन फुटांवरून दिसत नाही, जवळ गेलं की दिसतो.

शेवटी सगळ्या गाडीला सीलंट. पॉलिश झाल्यावर क्लिअर उघडं असतं, त्यावर काहीतरी हवंच. साधं वॅक्सही चालतं, फक्त ते दोन-तीन महिन्यांनी परत लावावं लागतं. सिरॅमिक कोटिंगवाले 'चरे पडतच नाहीत' म्हणतात. धूळ कमी चिकटते आणि धुणं सोपं होतं, एवढं खरं. वाळू घासली तर त्यालाही चरे पडतात.

वॉश मी सोडलेलं नाही. पाचव्या मजल्यावरून दोन बादल्या दर रविवारी कोण उतरवणार? पण आता सणाच्या आदल्या दिवशी जात नाही आणि घाटातून आल्यावर तर नाहीच. ब्रशाविना नुसता फोम आणि प्रेशर मारणारं सेंटर सापडलं तर तिथं जाते. ब्रशवाल्याकडं गेले तर पाईपवाल्या पोराला आधी चाकांच्या कमानी आणि दारांचा खालचा भाग मारायला लावते, आणि फडका घेऊन आला की हात वर करते. "मॅडम, पुसू नको?" "नको. ओलीच दे." पुसायचे दोन टॉवेल डिकीत असतात, निळा वरच्या भागाला आणि राखाडी खालच्या. मागच्या आठवड्यात ह्यांनी राखाडीनं बॉनेट पुसलं.